‘सुरक्षित’ म्हणजे नेमकं काय? जुनं व्हार्निश काढण्याच्या संशोधनाची उलटतपासणी

तैलचित्रं साफ करतानाचे व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येत असतील. काळपट-पिवळ्या चेहऱ्यावरून कापसाचा बोळा फिरतो आणि त्याच्या वाटेत उजळ गाल, पांढरी कॉलर, निळं आभाळ उघडं पडत जातं. बोळा चहात बुडवल्यासारखा तपकिरी होतो. बघणाऱ्याला बरं वाटतं, लाइक पडतात, विषय संपतो. संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या माणसाने मात्र तिथेच थांबून विचारावं: बोळ्यावर जे आलं ते सगळं व्हार्निशच होतं, हे कशावरून?

हा प्रश्न दीडशेहून जास्त वर्षं विचारला जातोय. त्याला उत्तर म्हणून रसायनशास्त्राने एकामागून एक ‘सुरक्षित’ पद्धती पुढे केल्या. त्यातल्या बऱ्याच दाव्यांमध्ये एक समान खोट दिसते. उत्कलनबिंदू जसा द्रावकाचा गुणधर्म असतो, तसाच ‘सुरक्षितपणा’ही त्याचा गुणधर्म असल्यासारखं बोललं जातं. माझ्या मते सुरक्षितता हा मोजमापाचा निष्कर्ष आहे. काय मोजलं, कशावर मोजलं, किती बारीक मोजलं आणि किती दिवसांनी मोजलं, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. तुमचा विषय औषधांचा असो की बॅटऱ्यांचा, ही उलटतपासणी तुम्हाला उपयोगी पडेल. म्हणून हा लेख.

आधी थर समजून घेऊ

जुन्या युरोपीय तैलचित्राचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तळाला कॅनव्हास किंवा लाकूड, त्यावर अस्तराचा थर, मग रंगांचे एक किंवा अनेक थर आणि सगळ्यात वर व्हार्निश दिसतं. हे व्हार्निश बहुधा झाडाच्या राळेचं असतं: आग्नेय आशियातून येणारी डमार, किंवा भूमध्य समुद्राकाठची मॅस्टिक. त्याची दोन कामं. रंगांना खोली आणि चमक देणं, आणि धूळ-ओरखडे स्वतःवर झेलणं.

ताजी राळ टर्पेंटाइनसारख्या सौम्य, कमी ध्रुवीय द्रावकात सहज विरघळते. पुढच्या काही दशकांत प्रकाश आणि ऑक्सिजन मिळून तिचं ऑक्सिडेशन करतात. रेणूंवर ऑक्सिजनचे गट वाढतात, राळ पिवळी पडते, ठिसूळ होते आणि जास्त ध्रुवीय बनते. आता तिला टर्पेंटाइन पुरत नाही. अ‍ॅसिटोन, इथेनॉल, आयसोप्रोपेनॉल असे जोरकस द्रावक लागतात.

खरी अडचण इथून पुढे आहे. खालचा रंग बहुतेकदा जवसाच्या तेलात कालवलेला असतो. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याच्या रेणूंचं जाळं तयार होतं. त्या जाळ्यात अडकलेले पण त्याला न बांधलेले लहान रेणू असतात. पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल ही त्यातली नेहमीची नावं. हे लहान रेणू थराला थोडी लवचीकता देतात. अ‍ॅसिटोन किंवा इथेनॉल या जाळ्यात शिरलं की दोन गोष्टी होऊ शकतात. पहिली, रंगाचा थर फुगतो आणि मऊ पडतो. अशा वेळी बोळा जरा जोरात फिरला तर रंगकणही उचलले जातात. दुसरी, द्रावक बाहेर पडताना ते लहान रेणू सोबत घेऊन जातो. याला लीचिंग म्हणतात. त्यानंतर थर अधिक कडक होऊ शकतो, त्याची चमक बदलू शकते.

पहिलं नुकसान बोळ्यावर दिसतं. दुसरं दिसत नाही. ‘बोळ्यावर रंग आला नाही, म्हणजे चित्र सुरक्षित’ या वाक्यातली पहिली भेग हीच. एका नुकसानीची चाचणी घ्यायची आणि दोन्ही नुकसानींचा निकाल द्यायचा, असा तो प्रकार आहे.

शिवाय वेळ आपल्या बाजूने नाही. व्हार्निश जितकं म्हातारं होतं, तितका त्याला विरघळवणारा द्रावक रंगाला फुगवणाऱ्या द्रावकाच्या जवळ सरकत जातो. सगळं संशोधन या दोघांमधल्या चिंचोळ्या फटीत चाललेलं आहे.

पहिला दावा: ‘आम्ही चित्राला हातही लावत नाही’

मॅक्स फॉन पेटेनकोफर हे म्युनिकचे रसायनशास्त्रज्ञ आणि आरोग्यशास्त्रज्ञ. कॉलरा जंतूमुळे एकट्याने होत नाही, हे दाखवायला त्यांनी १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या जंतूंचं द्रावण स्वतः प्यायलं होतं. त्यांचा आत्मविश्वास किती होता याची कल्पना येईल. त्याच्या तीसेक वर्षं आधी म्युनिकच्या चित्रसंग्रहातल्या तैलचित्रांवर पांढुरकी झाक आली होती आणि ती बुरशी असावी असा संशय होता. पेटेनकोफर यांनी निदान वेगळं केलं. दमटपणामुळे व्हार्निशमध्ये बारीक बारीक भेगा पडल्यात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतोय, म्हणून ते पांढरं दिसतंय. निदान चांगलं होतं. उपाय १८६३ चा: चित्र पेटीत बंद करायचं आणि अल्कोहोलच्या वाफेत ठेवायचं. वाफेने व्हार्निश मऊ होतं, भेगा मिटतात, पारदर्शकता परत येते. बोळा नाही, घासणं नाही. पुढे या प्रक्रियेत कोपायबा नावाचं झाडाचं तेलकट बाल्समही वापरलं जाऊ लागलं.

ही पद्धत युरोपभर पसरली. अ‍ॅमस्टरडॅमच्या रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’वरही ती वापरली गेली. आणि तिच्या सुरक्षिततेचा मुख्य आधार काय? चित्राला स्पर्श होत नाही.

पण वाफेला हे कोण सांगणार, की व्हार्निशपाशी थांब, खाली जाऊ नकोस? अल्कोहोलचा रेणू द्रवातून आला काय आणि वाफेतून आला काय, तेलाच्या जाळ्यात शिरल्यावर तो तेच करतो. कोपायबा तर रंगात मुरून राहतं आणि त्या रंगाला पुढच्या द्रावकांपुढे जास्त हळवं करून ठेवतं. घासण्याचा धोका टाळला म्हणजे सगळाच धोका टळला, असं धरलं गेलं. तुमच्या विषयातही हे बघा: नवी पद्धत जुन्या पद्धतीचा सगळ्यात ठळक दोष काढून टाकते, आणि तेवढ्यावर ‘सुरक्षित’ची पाटी लागते. नवा दोष वेगळ्या ठिकाणी असतो, आणि तिथे कुणी मोजमाप लावलेलं नसतं.

लंडनचा वाद: दोन प्रश्न, एक शब्द

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रं वेल्समधल्या मॅनोडच्या पाटीच्या खाणीत हलवली. त्या वर्षांत बरीच चित्रं साफही झाली. युद्धानंतर ती भिंतीवर आली तेव्हा अनेकांना धक्का बसला: चित्रं फार उघडी, फार थंड दिसताहेत. वर्तमानपत्रांतून पत्रं सुरू झाली. गॅलरीने १९४७ मध्ये साफ केलेल्या चित्रांचं प्रदर्शनच भरवलं आणि वीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. तिच्यात अमेरिकेचे जॉर्ज स्टाउट आणि बेल्जियमचे पॉल कोरमान्स हे या क्षेत्रातले जाणकार होते. समितीचा निष्कर्ष: साफसफाईने चित्रांचं नुकसान झाल्याचं आढळत नाही, मात्र यावर आणखी संशोधन व्हायला हवं.

वाद थांबला नाही. इटलीचे चेझारे ब्रांडी यांनी १९४९ मध्ये ‘बर्लिंग्टन मॅगझिन’मध्ये लिहिलं, की काही चित्रकार रंगीत व्हार्निश किंवा अगदी पातळ पारदर्शक थर शेवटी मुद्दाम चढवत, व्हार्निश समजून तेच काढलं गेलं तर काय? गॅलरीच्या बाजूने पुढच्या वर्षी तांत्रिक उत्तर आलं. १९६२ मध्ये कलाइतिहासकार गोम्ब्रिख यांनी प्लिनीने सांगितलेली अपेलीसची गोष्ट पुढे आणली: तो ग्रीक चित्रकार पूर्ण झालेल्या चित्रावर पातळ गडद लेप देई, म्हणे, रंगांचा भडकपणा कमी करायला. त्यालाही वैज्ञानिकांकडून प्रत्युत्तर मिळालं.

आज हे सगळं वाचताना जाणवतं, की दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या. एका बाजूचा प्रश्न: द्रावकाने रंग विरघळला का? दुसऱ्या बाजूचा: चित्रकाराला काय दिसायला हवं होतं? पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळा देऊ शकते. दुसऱ्याला आडवा छेद, रासायनिक विश्लेषण आणि कागदपत्रं मिळून मदत करतात, पण निकाल विवेकाने द्यावा लागतो. ‘नुकसान’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरल्यामुळे वर्षानुवर्षं समोरासमोर बसूनही माणसं एकमेकांच्या शेजारून बोलत राहिली.

दोन्ही बाजूंवर माझी टीका आहे. गोम्ब्रिख यांचा पुरावा प्राचीन ग्रीक चित्रांबद्दलचा, आणि तोही ऐकीव. त्यावरून शेकडो वर्षांनंतरच्या तैलचित्रांबद्दल फार तर शंका उभी करता येते. उलट ‘नुकसान आढळत नाही’ हा समितीचा निष्कर्ष त्या वेळच्या साधनांपुरताच खरा मानायला हवा. लीचिंगचं पद्धतशीर मोजमाप त्यानंतरच्या दशकात सुरू झालं. ज्या गोष्टीची मोजपट्टीच नव्हती, ती आढळणार कशी? आढळलं नाही आणि झालं नाही, ही दोन वाक्यं तुमच्या वहीत कायम वेगवेगळ्या ओळींवर असू द्या.

त्रिकोणाचा मोह

१९५० च्या दशकात नेथन स्टोलो यांनी वेगवेगळ्या द्रावकांत तेलाच्या रंगाचे थर किती फुगतात आणि त्यांतून किती द्रव्य बाहेर जातं, ते मोजायला घेतलं. रॉबर्ट फेलर, स्टोलो आणि एलिझाबेथ जोन्स यांचं १९५९ चं व्हार्निश व द्रावकांवरचं पुस्तक या क्षेत्राचा पाया मानलं जातं. प्रश्न पहिल्यांदाच आकड्यांत आला. त्याचं महत्त्व मी कमी करत नाही.

तरी प्रयोगाची रचना बघा. सुटा रंगथर द्रावकात बुडवून ठेवायचा आणि फुगणं मोजायचं. स्टुडिओत बोळा काही सेकंद टेकतो आणि द्रावक लगेच उडायला लागतो. म्हणजे संपर्काचा काळ प्रयोगात फार जास्त. दुसरीकडे प्रयोगात घासणं नाही, ते स्टुडिओत आहे. आणि थर प्रयोगशाळेत बनवलेले, तुलनेने तरुण. तीनशे वर्षांच्या चित्रात रंगातल्या धातूंनी तेलातल्या आम्लांशी मिळून धातूंचे साबण तयार केलेले असतात, आधीच्या दोन-चार पिढ्यांनी ते साफ केलेलं असतं, मागून मेण-राळ मुरवलेली असू शकते. मॉडेल काही बाबतींत धोका वाढवून दाखवतं, काहींत कमी करून. ‘आमची परीक्षा खऱ्या परिस्थितीपेक्षा कडक आहे’ असं वाक्य पेपरात दिसलं, की विचारा: कुठल्या बाबतीत कडक?

मग १९६८ मध्ये जीन टीस यांनी रंग-उद्योगासाठी एक त्रिकोणी आलेख मांडला. द्रावकाच्या रेणूंमधली ओढ तीन प्रकारांत वाटायची: विक्षेपण, ध्रुवीय आणि हायड्रोजन बंध. तिघांची बेरीज शंभर. टोल्युइन ८०, ७, १३. अ‍ॅसिटोन ४७, ३२, २१. इथेनॉल ३६, १८, ४६. प्रत्येक द्रावक त्रिकोणातला एक बिंदू; व्हार्निश विरघळण्याचा एक प्रदेश, रंग फुगण्याचा दुसरा. दोन प्रदेश जिथे एकमेकांवर येत नाहीत तिथला बिंदू निवडा, झालं काम! संवर्धकांच्या पिढ्या हा त्रिकोण भिंतीवर लावून शिकल्या.

मोह कळतो. पण दोष तिथल्या तिथे दिसतात. पहिला दोष घरखर्चाच्या उदाहरणाने सांगतो. दोन कुटुंबं उत्पन्नाचे तीस टक्के घरभाड्यावर खर्च करतात. एकाचं उत्पन्न महिना वीस हजार, दुसऱ्याचं दोन लाख. टक्केवारीच्या आलेखावर दोन्ही एकाच ठिकाणी! टीसच्या त्रिकोणातही एकूण रक्कम हरवते. पाण्याच्या रेणूंमधली एकूण ओढ टोल्युइनच्या अडीच पटींहून जास्त आहे, हे त्रिकोण सांगतच नाही. दुसरा दोष: मिश्रण त्रिकोणात एका बिंदूवर बसतं, पण बोळ्यावर ते तिथे थांबत नाही. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, टोल्युइन १११ अंशांना. अ‍ॅसिटोन आधी उडून जातं, आणि बिंदू सरकत राहतो. तिसरा: पॉलिमरच्या बाबतीत कधी कधी दोन द्रावकांचं मिश्रण त्या दोघांपेक्षाही जास्त फुगवतं. दोन बिंदूंमधली सरळ रेषा हे पकडू शकत नाही. चौथा: किती वेळ लागतो, याला त्रिकोणात जागाच नाही, आणि साफसफाई तर सगळी वेळेवरच चालते.

इतकं असूनही हा आलेख फेकून द्यावा असं मी म्हणणार नाही. सुरुवात कुठून करायची, हे तो सांगतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा ‘कुठून सुरुवात करावी’ हे सांगणारं साधन ‘कुठे थांबावं’ हेही सांगतंय असं गृहीत धरलं जातं.

टीका कशी पचवावी: जेलचं उदाहरण

१९८० च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड वोल्बर्स यांनी जेलच्या पद्धती पुढे आणल्या. कल्पना साधी: द्रावक पातळ असला की खाली झिरपतो, तो घट्ट जेलमध्ये धरला की पृष्ठभागावरच जास्त वेळ काम करतो. घासणंही कमी. पद्धत झपाट्याने लोकप्रिय झाली, आणि संवर्धकांनीच शंका काढली: जेल पुसल्यावर त्यातलं काय मागे राहतं? जे राहतं ते पुढे पन्नास वर्षांत काय करेल?

या शंकेला मिळालेला प्रतिसाद मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडतो. लॉस एंजेलिसच्या गेटी संवर्धन संस्थेने इतर संस्थांबरोबर अभ्यास हाती घेतला. जेलच्या घटकांवर किरणोत्सारी कार्बन-१४ चं लेबल लावलं आणि पुसून, धुऊन झाल्यावर किती उरलं ते थेट मोजलं. २००४ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं, आणि पुस्तकाच्या नावातच अवशेषांचा प्रश्न होता. उत्तर ‘काहीच उरत नाही’ असं आलं नाही. थोडं उरतं, किती, ते पृष्ठभागावर आणि पुसण्याच्या पद्धतीवर अवलंबून. असं उत्तर मिळाल्यावर संवर्धक ठरवू शकतो, की या चित्रावर हा धोका घ्यायचा की नाही.

पेटेनकोफर आणि हा अभ्यास शेजारी ठेवा. पहिल्याने नवी पद्धत जिथे उजवी आहे तिथला पुरावा दिला. दुसऱ्याने ती जिथे डावी ठरू शकते, नेमकं तिथेच सगळ्यात संवेदनशील मोजमाप लावलं.

फेलर यांचंही असंच एक काम आहे. पिवळी पडणारी राळ नको म्हणून कृत्रिम व्हार्निशं आली, तेव्हा त्यांनी काही मेथाक्रिलेट व्हार्निशांवर अतिनील प्रकाश टाकून पाहिलं. दिसायला ती पारदर्शक राहत होती, पण आतून रेणू एकमेकांना बांधले जाऊन ती अविद्राव्य होत होती. म्हणजे पुढच्या पिढीला काढताच येणार नाहीत! ‘पिवळं पडत नाही’ एवढ्यावर ते समाधानी राहिले असते, तर हे कळलं नसतं.

आणि केन सदरलंड यांनी २००० मध्ये एक जरा अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली: नुसतं नवीन व्हार्निश लावतानाही त्यातला द्रावक रंगातले विद्राव्य घटक ओढून घेतो. म्हणजे आपण ‘साफसफाईचा धोका’ म्हणून जो वेगळा काढत होतो, त्याचा काही भाग व्हार्निश लावण्याच्या दिवशीच घडून गेलेला असू शकतो. मग ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करताना ‘आधी’ म्हणजे नेमकं केव्हा? तुमच्या कंट्रोल नमुन्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे का?

शून्याचा अर्थ शून्य नसतो

आता थोडं गणित. समजा एका पेपरात ३० ठिकाणी चाचणी केली आणि एकाही ठिकाणी नुकसान आढळलं नाही. धोका शून्य? संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: n चाचण्यांत एकदाही घटना घडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं, की खरं प्रमाण साधारण ३ भागिले n पेक्षा कमी आहे. इथे ३ भागिले ३०, म्हणजे दहा टक्के. एक टक्क्याच्या आत आहे म्हणायला ३०० चाचण्या हव्यात.

‘नाइट वॉच’ सुमारे ३.८ मीटर उंच आणि ४.५ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ १७ चौरस मीटर, म्हणजे एक-एक चौरस सेंटिमीटरचे १,७०,००० तुकडे. एक टक्का म्हटलं तरी १,७०० तुकडे होतात. आणि हे गणितही चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच लागू. एकाच चित्राच्या एकाच निळ्या आभाळातल्या तीस जागा म्हणजे तीस स्वतंत्र नमुने नव्हेत. शेजारच्या गडद तपकिरी सावलीचा रंग वेगळा, त्यात तेल जास्त, तो कसा वागेल हे त्या आभाळाला माहीत नाही.

त्यात उपकरणाची मर्यादा मिसळा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आकार दाखवतो, थरातून गेलेली आम्लं मोजत नाही. रंगमापक डोळ्याला दिसणारा फरक मोजतो, कडकपणा नाही. ‘बदल आढळला नाही’ या वाक्यामागे नेहमी एक न लिहिलेला उत्तरार्ध असतो: ‘या उपकरणाला दिसेल इतका’.

कुणासाठी सुरक्षित?

या क्षेत्राने फार काळ एक गोष्ट बाजूला ठेवली: बोळा धरणारा माणूस. चित्राला मानवणारा द्रावक फुप्फुसांना मानवेलच असं नाही. टोल्युइनचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो. चिवट थरांसाठी पूर्वी वापरलं जाणारं डायमिथाइलफॉर्मामाइड यकृताला घातक आहे. पेपरात ‘सुरक्षित’ लिहिलेलं असेल तर तो शब्द चित्राबद्दल आहे, संवर्धकाबद्दल आहे की सांडपाण्याबद्दल, हे वेगळं करून वाचा. अनेकदा एकाची सुरक्षितता वाढवताना दुसऱ्याची कमी होते.

शिवाय सगळं व्हार्निश काढायलाच हवं का? लूव्र संग्रहालयात बऱ्याचदा व्हार्निश पूर्ण न काढता पातळ करण्याकडे कल असतो. तरीही लिओनार्दोच्या ‘सेंट अ‍ॅन’च्या साफसफाईच्या वेळी, २०११ च्या अखेरीस, सल्लागार समितीतल्या दोन तज्ज्ञांनी राजीनामा दिला, वाद होता तो किती साफ करायचं यावर. प्रयोगशाळेचे आकडे सगळ्यांपुढे होते. व्हार्निश किती ठेवायचं, हे आकडे ठरवत नाहीत.

आणि जे आपण ‘काढून टाकायचं’ म्हणतो, त्यानेच कधी चित्र वाचवलेलं असतं. १९९० मध्ये एकाने ‘नाइट वॉच’वर आम्ल फवारलं. पहारेकऱ्यांनी लगेच पाणी मारलं, आणि आम्ल व्हार्निशमध्येच अडकलं, रंग बचावला. त्याच चित्रावरचं विसाव्या शतकातलं व्हार्निश काढायला अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरुवात केली, तीही लोकांसमोर, काचेच्या खोलीत. त्याआधी २०१९ पासून चित्राचा अभ्यास चालला होता. निव्वळ बोळा फिरवण्याऐवजी मोजका द्रावक घेतलेलं शोषक कापड टेकवून व्हार्निश त्यात ओढून घ्यायचं, आणि उरलेलं बोळ्याने टिपायचं, अशी ही पद्धत. पाच वर्षं मोजमाप आणि मग पहिला हात! व्हायरल व्हिडिओत ही पाच वर्षं नसतात.

आपल्याकडचा प्रश्न

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत आणि संग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्रही आहे. लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. राजा रविवर्मांची तैलचित्रं देशभर विखुरलेली आहेत. पण आपण जे पेपर वाचतो, त्यातले नमुने बहुधा वातानुकूलित खोलीत, पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत म्हातारे केलेले असतात. मुंबईचा जुलै त्यांनी पाहिलेला नसतो. पेटेनकोफर यांचं मूळ निदानच दमटपणाचं होतं, हे आठवा. दरवर्षी चार महिने पाणी पिऊन पुन्हा सुकणारा रंगथर त्याच द्रावकात तितकाच फुगेल का? हा प्रश्न कुणीतरी इथल्या हवेत, इथल्या नमुन्यांवर सोडवायला हवा. विज्ञान शाखेतून येणाऱ्या विद्यार्थ्याला यात करण्यासारखं खूप आहे, आणि त्यासाठी चित्रकार असावं लागत नाही.

आता तुमची पाळी

तुमच्या विषयातला एक पेपर घ्या, ज्याच्या सारांशात ‘सुरक्षित’ किंवा ‘हानिरहित’ असा शब्द आहे. कोऱ्या कागदावर पाच प्रश्न लिहा. नुकसान म्हणजे काय, याची व्याख्या दिली आहे का? नमुना खऱ्या वस्तूपेक्षा कुठल्या बाबतीत वेगळा आहे? उपकरणाला कमीत कमी किती बदल दिसतो? मोजमाप किती दिवसांनी झालं? आणि पद्धत जिथे फसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तिथे चाचणी घेतली का? पाचपैकी तीन उत्तरं सापडली तरी तो पेपर बरा म्हणायचा.

मग तोच दावा स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून बघा. ‘ही पद्धत सुरक्षित आहे’ याच्याऐवजी काहीसं असं: ‘जवसाच्या तेलातल्या, कृत्रिमरीत्या म्हाताऱ्या केलेल्या शिशाच्या सफेद्याच्या थरावर, तीस सेकंदांच्या संपर्कानंतर, सहा महिन्यांनी, या उपकरणाच्या मर्यादेत चमक आणि वजनात बदल आढळला नाही, इतर रंगांवर चाचणी केलेली नाही.’ वाक्य लांबलचक झालं, थोडं रटाळही झालं. पण उद्या कुणी संवर्धक हातात बोळा घेऊन सफेद्याऐवजी तपकिरी सावलीसमोर उभा राहील, तेव्हा त्याला थांबायला सांगणारा भाग याच वाक्यात आहे.